कर्णा आणि पावती

वाचकहो, संगीताच्या बाजारात एका विशिष्ट प्रकारचे संकलन वर्षानुवर्षे खपत आले आहे. पूर्वी ते तबकडीवर मिळे, पुढे कॅसेटवर मिळू लागले आणि आज ते मुलांच्या हातातील फोनवर ऐकू येते. अमेरिकेतील चित्रपटांतून व दूरचित्रवाणी मालिकांतून सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन, वंडर वुमन, हल्क असे जे अचाट सामर्थ्याचे नायक आपल्या भेटीस येतात, त्यांच्या आगमनाच्या धुनांचा हा एकत्र केलेला संग्रह असतो. त्यात चित्र नाही, संवाद नाही, कथाही नाही. एकामागून एक धुना वाजत जातात आणि प्रत्येक धून एवढेच सांगते की, तो आला आहे, आता भय नको.

अशा पोरखेळाचा विचार गंभीरपणे कशाला करायचा, असे कोणी म्हणेल. परंतु चित्र काढून घेतले आणि केवळ संगीत उरले की एक गोष्ट लख्ख दिसू लागते. या संग्रहात कोणीही बुडत्याला वाचवत नाही, कोणीही दुष्टाचा हात धरत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याची छाती भरून येते. कृत्याशिवाय कृतार्थता, असा हा प्रकार आहे. म्हणून आपणांपुढे प्रश्न ठेवावासा वाटतो तो हा: ज्याने अजून काहीही केलेले नाही त्याच्याविषयी आपल्या मनात आदर उत्पन्न करणारे हे संगीत आपले काय करते? आपणांस ते धैर्य देते की धैर्याचे नुसते समाधान देते?

ही युक्ती नवी नाही. आपल्याकडे राजा दरबारात प्रवेश करण्यापूर्वी भालदार-चोपदार पुढे होऊन ललकारी देत. मंडळी उठून उभी राहत ती राजाला पाहून नव्हे, ललकारी ऐकून. पश्चिम आफ्रिकेत हेच काम बोलका ढोल करतो. २०१८ साली आलेल्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटासाठी स्वीडिश संगीतकार लुडविग गोरान्सन सेनेगलला गेले, तेथील विख्यात गायक बाबा माल यांच्याबरोबर हिंडले, आणि काखेत धरून वाजवायचा 'तमा' नावाचा ढोल त्यांनी आपल्या संगीतात आणला. हा ढोल बोलण्यातील चढउतारांची नक्कल करू शकतो, आणि चित्रपटात तो नायक टिचाला याचे नावच जणू उच्चारतो. या संगीताला २०१९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. साधने आधुनिक असली तरी काम चोपदाराचेच होते.

युरोपात हे काम तुतारीच्या जातीच्या वाद्यांकडे होते, आणि त्यामागे एक साधे शास्त्र आहे. जुन्या तुतारीला कळा नसत. नळीत फुंकर मारली की निसर्गनियमाने जे थोडे स्वर निघत तेवढेच वाजवता येत, आणि त्यांत षड्ज व पंचम हे प्रमुख. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉल्व्हची योजना होईपर्यंत रणांगणावरील इशारे आणि राजाच्या स्वागताचे सूर याच मोजक्या स्वरांवर उभारलेले असत. शतकानुशतके ऐकून ऐकून कानाने त्यांची सांगड पराक्रमाशी व सत्तेशी घातली. १९७८ साली रिचर्ड डॉनर यांच्या 'सुपरमॅन' चित्रपटासाठी जॉन विल्यम्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून जे संचलनगीत वाजवून घेतले, त्याचा पाया हाच आहे. तुताऱ्या सुरांची झेप घेतात, आणि चित्र सुरू होण्याच्या आतच प्रेक्षकाच्या मनात निकाल लागलेला असतो. त्या धुनेच्या शेवटच्या तीन सुरांत नायकाचे नाव ऐकू येते असे अनेकांना वाटते. नाव घ्यावयाचे आणि गौरव करावयाचा, ही ललकारीची दोन्ही अंगे तेथे एकत्र आली आहेत.

१९६६ सालच्या 'बॅटमॅन' मालिकेसाठी नील हेफ्टी यांनी केलेल्या धुनेत तर गीत म्हणून नायकाच्या नावाखेरीज दुसरा शब्दच नाही. तो कोण, कसा, कोणासाठी झटतो, याची त्या गीताला गरज भासली नाही.

येथे तत्त्वज्ञानाचा एक जुना वाद आपल्या वाटेत येतो. १८५४ साली व्हिएन्नातील समीक्षक एदुआर्ड हान्सलिक यांनी संगीतातील सौंदर्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. संगीत विशिष्ट भावना किंवा विचार सांगू शकते ही समजूत त्यांनी त्यात नाकारली. ग्लुक या संगीतकाराच्या 'ऑर्फिओ' या संगीत नाटकात पत्नीच्या वियोगाने व्याकूळ झालेला ऑर्फिअस जे गातो, त्याच चालीवर पत्नी परत मिळाल्याचे आनंदाचे शब्दही तितकेच शोभून दिसतील, हा मुद्दा त्यांनी पुढे केला. हान्सलिक यांचे म्हणणे पुरतेपणी मान्य न करणारेही पुष्कळ आहेत. परंतु आपल्या विषयापुरते ते आपणांस सावध करते. सुपरमॅनची धून 'सामर्थ्य' सांगते हे खरे. ते सामर्थ्य न्यायाचे आहे की जुलमाचे, हे ती सांगत नाही आणि सांगू शकत नाही. ते आपणांस कथेने सांगितलेले असते. तुतारीचे सूर ज्याच्या पुढे वाजवाल त्याचे होतात.

जुन्या विचारवंतांनी हा धोका ओळखला होता. प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यात सर्व सुरावटींना प्रवेश दिला नाही. धैर्य आणि संयम यांना पोषक अशा दोनच रीती त्याने ठेवल्या, कारण संगीत विवेकाच्या आधीच मनात शिरते हे त्याला ठाऊक होते. संत ऑगस्टीन यांची अडचण अधिक हृद्य आहे. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात ते सांगतात की, गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हलून जातो तेव्हा तो आपला अपराध आहे असे त्यांना वाटते. अलेक्झांड्रियाचे अथनेशिअस स्तोत्रे जवळजवळ बोलल्यासारखी म्हणवून घेत, हेही त्यांना आठवते. तरी उपासनेतून गायन काढून टाका, असे ते म्हणत नाहीत. आपल्या नव्या विश्वासाच्या दिवसांत त्याच गायनाने ढाळलेले अश्रू ते विसरलेले नाहीत. संगीत सोडवत नाही आणि त्याच्यावर डोळे मिटून विसंबवतही नाही, अशा त्या जागी आपणही उभे आहोत.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या मनुष्याला या प्रश्नाची एक बाजू विशेष दिसते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये, असे प्रभू सांगतो. त्या काळी खरोखरच कर्णा वाजवीत की हा केवळ अलंकार आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु त्या वचनातील दोन ग्रीक शब्द आपल्या विषयाच्या मुळाशी जातात. 'ढोंगी' असे आपण ज्याचे भाषांतर करतो तो शब्द 'हुपोक्रितेस'. त्याचा रूढ अर्थ रंगभूमीवरचा नट. आणि अशा लोकांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, हे सांगण्यासाठी वापरलेले क्रियापद 'अपेखो' हे बाजारातले आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवर व खापरांवर ज्या जुन्या पावत्या लिहिलेल्या आहेत, त्यांत 'रक्कम पूर्ण पावली' या अर्थाने तेच क्रियापद पुन्हा पुन्हा येते.

म्हणजे ते वचन केवळ दिखाऊपणाची निंदा करीत नाही. ते एक हिशेब सांगते. कर्णा वाजला त्याच क्षणी मोबदला चुकता झाला, पावती फाटली, आता येणे काही उरले नाही. ज्या कौतुकासाठी हात पुढे झाला होता ते कौतुक मिळाले, आणि दान हे निमित्तमात्र ठरले.

आता या दृष्टीने आपल्या संकलनाकडे पाहा. येथे कर्णा वाजवणारा नायक नाही, आणि दानही कोणी केलेले नाही. मोबदला मिळतो तो ऐकणाऱ्याला. धाडस केल्यानंतर मनुष्याच्या मनात जी उभारी येते ती त्याला धाडसापूर्वीच, बसल्या जागी मिळते. समजा, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये एक तरुण कानांत ती वीरश्रीची धून ऐकत बसला आहे. समोर एका वृद्धाला दोघे उर्मटपणे ढकलून जागेवरून उठवीत आहेत. उठून 'हे बरोबर नाही' असे म्हणण्यासाठी जो क्षण लागतो त्या क्षणी कोणतीही तुतारी वाजत नाही. वाजते ती फक्त छातीतली धडधड, आणि घसा कोरडा पडतो. कानातल्या धुनेने त्या तरुणाला उठण्याची तयारी दिली, की उठल्याचे समाधान आधीच देऊन बसवून ठेवले? सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

हे केवळ तरुणांचेच नाही. पुढारी व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागतो तेव्हा ध्वनिक्षेपकातून कोणते संगीत वाजते ते आठवा. त्याने काय केले याची यादी कोणी वाचत नाही, सूर ती उणीव भरून काढतात. आपल्या धार्मिक अधिवेशनांतूनही वक्त्याच्या आगमनापूर्वी दिवे मंद होऊन ढोल घुमू लागले आहेत. बोलणारा मनुष्य कदाचित प्रामाणिकही असेल. परंतु त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या बोलण्याचा निकाल लावून टाकणे, हे श्रोत्याच्या विवेकाचा हक्क काढून घेणे आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपल्याकडे आहे. येथे तर खळखळाट बाहेरून आणून पाण्यावर घालण्याची सोय झाली आहे.

यावर कोणी रास्त आक्षेप घेईल की, मनुष्य निव्वळ विवेकावर जगत नाही. खचलेल्याला सूर उभे करतात, थकलेल्याचे पाय ताल धरून चालतात, मग हे संगीत वाईट कसे? हे अगदी खरे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या गाइल्या. पहाटेच्या अंधारात दळण सरावे म्हणून ते गाणे होते. परंतु तेथे हात आणि गळा एकाच वेळी चालत. ऐकायला बहुधा कोणी नसे, आणि गाणे संपले तेव्हा खाली पीठ पडलेले असे. श्रमाच्या सोबतीने चालणारे संगीत आणि श्रमाआधी मजुरी वाटणारे संगीत, हा भेद आपण लक्षात ठेवला पाहिजे. एकच धूनही ऐकणाऱ्याच्या वागण्याप्रमाणे या बाजूची किंवा त्या बाजूची होऊ शकते. म्हणून दोष सुरांवर टाकून आपली सुटका नाही.

या संकलनांतच कधी कधी असा एक तुकडा येतो की तो सर्व तुताऱ्यांना गप्प करतो. १९७७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या आणि १९८२ पर्यंत चाललेल्या 'द इन्क्रेडिबल हल्क' मालिकेसाठी जो हार्नेल यांनी केलेली ही धून. तिचे नाव एकाकी मनुष्यावरून ठेवलेले आहे. हल्क हा सर्वांत बलाढ्य. क्रोध आला की डॉ. बॅनर नावाचा सौम्य शास्त्रज्ञ त्या हिरव्या राक्षसी देहात बदलतो, भिंती फोडतो, माणसे उचलून फेकतो. परंतु हार्नेल यांनी धून त्या देहाला दिली नाही. ती दिली त्या शास्त्रज्ञाला, आणि ती वाजते ती पियानोच्या हळुवार सुरांवर. भागाच्या अखेरीस बिल बिक्सबी यांनी रंगवलेला बॅनर खांद्यावर पिशवी टाकून रस्त्याने एकटा निघून जातो, गाड्यांना हात दाखवीत. त्याने कोणाला तरी वाचवलेले असते. पण आभार मानून घ्यायला तो थांबू शकत नाही, कारण थांबला तर ओळखला जाईल. ही धून आगमनाची नाही, निरोपाची आहे. ती कृत्याच्या नंतर येते आणि मोबदला म्हणून काहीच देत नाही. ज्या मुलांनी ती ऐकली त्यांना कदाचित समजले असेल की सामर्थ्य हे ओझेही असते.

सुपरमॅनच्या तुताऱ्यांमागेही एक कथा आहे, ती ऐकल्याशिवाय त्या तुताऱ्या पुरत्या ऐकल्या असे होत नाही. हा नायक कागदावर जन्मला तो १९३८ साली. क्लीव्हलंड शहरातील ज्यू स्थलांतरितांच्या घरांतील दोन तरुणांनी, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर यांनी, तो निर्माण केला, आणि त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. पुढे त्या नायकावर अफाट संपत्ती उभी राहिली. इकडे शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली, आणि सीगल कारकुनाची नोकरी करीत होते. हक्कांसाठी केलेले खटले त्यांना साथ देऊ शकले नाहीत. १९७५ साली, चित्रपटाची तयारी चालू असताना, सीगल यांनी आपली व्यथा वृत्तपत्रांपुढे मांडली. व्यंगचित्रकारांनी आवाज उठवला, आणि तेव्हा कोठे कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नामनिर्देश मान्य केला. म्हणून १९७८ साली विल्यम्स यांच्या तुताऱ्या घुमत असता पडद्यावरून जी नावे झळकत जातात, त्यांत या दोघांची नावे आहेत. न्यायासाठी झटणाऱ्या नायकाच्या जन्मदात्यांना न्याय मिळाला तो तुताऱ्यांनी नव्हे. काही माणसांनी पत्रे लिहिली, दारे ठोठावली, लाज वाटेपर्यंत पाठपुरावा केला. त्या खटाटोपाला कोणतीही धून नव्हती.

संकलनाच्या मागील बाजूसही असेच काही अनाम लोक आहेत. निरनिराळ्या चित्रपटांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क निरनिराळ्या कंपन्यांकडे असतात. ती सर्व एकत्र करणे कठीण व खर्चिक, म्हणून अशा संग्रहांसाठी पुष्कळदा दुसराच वाद्यवृंद त्या धुना नव्याने वाजवतो. सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने चित्रपटसंगीताची अशी कितीतरी पुनर्मुद्रणे केली आहेत. मूळ धुनेत स्वतःचे काही घालू नये, तिच्यातून काही गाळू नये, आणि तरी ती जिवंत वाजावी, हे त्या वादकांचे काम. भाषांतर करणाऱ्याला या कामाची जात ओळखीची आहे. नायकाच्या नावाने मारलेली तुतारीची ती झेप कोणा वादकाच्या श्वासातून येते. त्याचे ओठ दुखतात, आणि ऐकणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसते. गौरवाचा सूर काढणारा स्वतः गौरवाच्या बाहेर असतो.

मग जगाने ज्याला कधीच ललकारी दिली नाही त्याचे काय? हा प्रश्न एका संगीतकाराने गंभीरपणे घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सिनसिनाटी येथील वाद्यवृंदाचे संचालक यूजीन गूसेन्स यांनी अमेरिकन संगीतकारांकडून तुतारीवादनाच्या छोट्या रचना मागवल्या. युद्धात लढणाऱ्यांचा गौरव व्हावा हा हेतू. १९४२ साली आरन कोपलंड यांनी आपली रचना पाठवली ती सामान्य मनुष्यासाठी. नाव वाचून गूसेन्स यांना एक कल्पना सुचली. तिचे पहिले वादन झाले १२ मार्च १९४३ रोजी, प्राप्तिकर भरण्याच्या मुदतीच्या सुमारास. तेव्हा ती मुदत १५ मार्चची असे. कर भरणाऱ्या सामान्य मनुष्याचा सन्मान त्याच दिवसांत व्हावा, यात थोडी थट्टा होती आणि पुष्कळ सत्यही होते. त्या रचनेतही षड्ज-पंचमाच्या जातीचेच मोकळे सूर आहेत, तुताऱ्याही त्याच आहेत. बदलले आहे ते एवढेच की, येथे येणारा कोणी नाही. ज्याने आपला वाटा निमूटपणे उचलला आहे, तो आधीच येऊन गेलेला आहे.

वाचकहो, मुलांच्या हातून ही संकलने काढून घ्यावीत असे माझे म्हणणे नाही. विल्यम्स यांची धून सुंदर आहे आणि सुंदर गोष्टीने मन उंचावते, यात पाप नाही. परंतु धून संपल्यावर त्यांना एक प्रश्न विचारावा, आणि तो आपण आपणांसही विचारावा. आत्ता जी उभारी आली तिचे देणे आपण कोणाला लागतो? शेजारच्या जिन्यावरून पाण्याची कळशी वर नेणाऱ्या म्हातारीला? वर्गात ज्याची सर्व जण टर उडवतात त्या मुलाला? कार्यालयात ज्याच्यावर खोटा ठपका ठेवला जात आहे, आणि खरे काय ते आपणांस माहीत आहे, त्या सहकाऱ्याला? त्या सुरांनी आपणांस जे दिले ते बक्षीस नाही, उसनवार आहे. ते फेडावे लागते, आणि फेडण्याची जागा बहुधा अशी असते की तेथे कोणी पाहत नसते.

पावती घेण्याची घाई करू नये. काम व्हायचे आहे.